एकटीनं चढवलेलं गवत

५ तारीख, सोमवार

डॉक्टरनं ही डायरी दिली. औषधाच्या कंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हसरं मूत्रपिंड छापलंय. मूत्रपिंडाला हसायला काय झालं कुणास ठाऊक. म्हणाला, "आजी, रोज कुठं दुखतं, कधी दुखतं ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी घेऊन या." त्याची स्वतःची मिशी अजून उगवू की नको करतेय, आणि मी आजी. बरं बाबा, लिहिते. शाळा सातवीपर्यंत झालीय माझी. गुरुजी म्हणायचे, हिचं अक्षर चांगलं आहे, तोंड तेवढं आवरायला हवं.

आज दुखलं ते: कान. मुलाचा फोन आला होता.

नेहमीचंच. आई, तू एकटी किती दिवस करणार? मी म्हटलं, गाई खातात तितके दिवस. मग तो एकदम गार आवाजात बोलायला लागला, ऑफिसात हाताखालच्या माणसांशी बोलतो तसा. येत्या रविवारी साखरतोंड्याला घेऊन येतोय म्हणे. साखरतोंड्या म्हणजे गुरांचा व्यापारी. गाईच्या पाठीवरून हात फिरवत तिच्यासमोरच तिला नावं ठेवतो, आणि तिला वाटतं लाड चाललेत. चारही गाई त्याला द्यायच्या, गोठ्याला कुलूप घालायचं आणि मी शहरात मुलाच्या घरी सातव्या मजल्यावर खुर्ची टाकून बसायचं. बघायला काय, तर खाली लावलेल्या गाड्यांचे टप.

मी म्हटलं, ह्या हातांनी गवत भरतेय तोवर गाई कुठं जात नाहीत. तो म्हणाला, भर मग. गडी नाही, शेजारीपाजारी नाही, एकटीनं. रविवारी माळा भरलेला दिसला तर वर्षभर मी हा विषय काढणार नाही. नाही दिसला तर गाई टेम्पोत.

वर्षभर त्याचं तोंड बंद! नुसत्या त्या लोभानंच मी हो म्हणून बसले.

गवत कापून कुरणात पडलंय. ते उलटं करायचं, वाळवायचं, पेंढ्या बांधायच्या, हातगाडीवरून आणायच्या आणि शिडीनं गोठ्यावरच्या माळ्यावर चढवायच्या. हे होते तेव्हा आम्ही दोघं मिळून करायचो. म्हणजे मी करायचे, आणि हे शिडीखाली उभं राहून माझ्या चुका सांगायचे. तेव्हा एकटीनं करण्यात मला काही नवीन नाही. चुका तेवढ्या माझ्या मलाच काढाव्या लागतील.

६ तारीख, मंगळवार

सून आली. न सांगता, न कळवता, चाकांची बॅग घेऊन. चाकं गोठ्याच्या दारात शेणात रुतली, तशी ती बॅगेला ओढत राहिली आणि जाडी तिच्याकडे बघत रवंथ करत राहिली. जाडीला करमणूक म्हणून कुणी फारसं मिळत नाही.

म्हणाली, हवापालट करायला सांगितलाय डॉक्टरनं. कुठल्या, विचारलं. तर म्हणे ऑफिसच्या. ऑफिसला वेगळा डॉक्टर असतो हे मला नवीन. म्हटलं, आमच्या गोठ्यालाही आहे, पण तो शेपटीकडून तपासतो, तुला चालेल का बघ.

मी काही दुधखुळी नाही. हा हवापालट नव्हे, हा हेर आहे. रविवार तोंडावर आलेला आणि नेमकी आत्ताच हिची हवा बिघडली. फोनला रेंज फक्त फाटकापाशी येते. तिन्हीसांजेला ही तिथं उभी, एक हात कानाला, दुसरा हवेत. चांगली हातवारे करून माझी चहाडी चालली होती. आत आल्यावर विचारलं, झाली का बातमी देऊन? म्हणाली, हो, सांगितलं की सासूबाई फार छळतात. म्हटलं, अजून सुरुवात कुठं केलीय.

जेवताना विचारते कशी, "आई, तुमच्या गाई चावतात का हो?"

म्हटलं, "नाही गं. गाईला पुढचे वरचे दात नसतात. सासूला असतात."

आज दुखलं ते: काही नाही. फक्त शिडी कुणीतरी लांबवलीय. दोन पायऱ्यांत एवढं अंतर गेल्या वर्षी नव्हतं. लाकूड उन्हानं ताणत असावं.

७ तारीख, बुधवार

आज काय काय केलं ते डॉक्टरनं वाचावं आणि मग मला सांगावं की आजी, थोडं चालत जा, व्यायाम होईल.

उजाडायच्या आत उठले. धारा काढल्या. ढवळीनं लाथ मारली, मला नाही, चरवीला. नेम चुकला असावा. शेण काढलं, उकिरड्यावर नेऊन टाकलं. परत आले तर जाडीनं पुन्हा केलेलं, ताजं, मधोमध, मी फार निवांत राहू नये म्हणून. गोठा धुतला. दूध घेऊन डेअरीवर गेले. तिथला मापवाला विचारतो, मावशी, एकट्याच का आज? जसं रोज मी वरात घेऊन जाते.

मग कुरणात. गवत उलटं करत गेले, तिकडच्या टोकाला पोचले आणि बघितलं तर वाऱ्यानं अलीकडचं पुन्हा पालथं केलेलं. दाताळ्याचा एक दात मोडला. दुसऱ्या दाताळ्याचा दांडा ढिला, त्यात पाचर ठोकली. पाचर ठोकताना बोट ठोकलं. दुपारी पेंढ्या बांधल्या. ऊन असं की मानेवर कुणी तवा धरून उभं आहे. हातगाडीचं चाक एका खड्ड्यात गेलं आणि अर्धं गवत रस्त्यावर सांडलं, ते गोळा करायला गेले तर तांबडी दावं तोडून आलेली आणि जेवायला बसलेली. तिला ओढून बांधली. म्हणजे तिनं मला ओढलं आणि शेवटी खुंट्यापाशी आम्ही दोघी पोचलो.

मग माळा. पेंढी काठीच्या आकड्याला अडकवायची, शिडी चढायची, वर ढकलायची, उतरायची. चढायची, ढकलायची, उतरायची. उजव्या हातानं ढकलायची ती डाव्यानं ढकलली, उगीच, बदल म्हणून. सारखं उजवं काय वापरायचं.

ह्या सगळ्यात सूनबाई काय करत होती? टोपी घालून बसली होती. मग दाताळं मागितलं. दिलं, मोडक्या दाताचं. ती गवत अशी उलटवते जशी कुणाची झोप मोडू नये. मी बघत राहिले आणि इतकी हसले की पेंढीवर बसावं लागलं. तीही हसली. लाज नाही.

संध्याकाळच्या धारा झाल्यावर चरवी उचलली तर हलकी लागली. गाई रुसल्या की काय, म्हणून डेअरीवर भीत भीत गेले. तर दूध मापाला नेहमीएवढंच. मापवाल्याचं यंत्र बिघडलंय, आणि आपल्या बाजूनं बिघडलंय. मी काही बोलले नाही. सूनबाई आधीच तिथं पोचली होती, पाय मोकळे करायला म्हणे. हातात झाकणाची बादली. पाय मोकळे करायला बादली कशाला लागते ते शहरातल्यांना ठाऊक.

९ तारीख, शुक्रवार

काल लिहायला झालं नाही. पेन हातात धरवेना, शाई घट्ट झालीय.

एक आनंदाची गोष्ट. सकाळी माळ्यावर बघितलं तर मी चढवल्याचं आठवत होतं त्याहून कितीतरी जास्त गवत वर होतं. कोपऱ्यापर्यंत नीट रचलेलं. अंगात जोर आहे अजून, पण इतक्या झपाट्यानं काम होतं की आपलं आपल्याला कळत नाही. हे असते तर म्हणाले असते, तिरकं रचलंयस. तिरकं होतंही थोडं.

सूनबाईच्या दोन्ही हातांवर ओरखडे उठलेत. विचारलं तर म्हणाली, डास. आमच्याकडचे डास नांगरट केल्यासारखे चावतात हे मला माहीत नव्हतं. बाम दिला. बाम ओरखड्यांवर झोंबतो हे सांगायचं राहून गेलं. नाचली चांगली.

धारा शिकवते आहे तिला. माझी हौस नव्हे, तिचाच हट्ट. पहिल्या दिवशी ढवळीच्या कासेला हात असा लावला जसा दुकानातल्या काचेच्या भांड्याला लावतात. आज मात्र चरवीत आवाज आला. बारीक का होईना, धार होती. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, फार उड्या मारू नकोस, ढवळी कुणालाही देते, दार उघडलं तर वाऱ्यालाही देते.

संध्याकाळी मुद्दाम फाटकाजवळ शेंगा तोडायला गेले. तिथं शेंगांचा वेल नाही, पण ते तिला कुठं माहीत. फोनवर म्हणत होती, "आपल्या गाई अशा कुणालाही द्यायच्या नाहीत." ऐकलं? मंगळवारी "तुमच्या गाई" होत्या, शुक्रवारी "आपल्या" झाल्या. मी अजून धडधाकट उभी आहे आणि हिनं वाटणी करून घेतलीसुद्धा. लबाड कुठली. रात्रीचा भात मुद्दाम गिच्च केला.

१० तारीख, शनिवार

माळा भरला.

शेवटची पेंढी आढ्याला टेकली. खाली उतरून बघत उभी राहिले. गोठ्यात वाळक्या गवताचा वास असा भरलाय की गाईसुद्धा माना वर करून हुंगत होत्या. हे गेल्यापासून हा पहिला माळा, आणि एकटीनं.

सूनबाई म्हणाली, "आई, झालं की हो तुमचं." माझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद. हेराला इतका आनंद का व्हावा ह्याचा मी विचार केला, पण फार वेळ नाही. धारांची वेळ झाली होती.

सकाळी वेणी घालायचा कंटाळा आला म्हणून तिच्याकडून घालून घेतली. तेवढीच सासूची सेवा. परवाही तिनंच घातली होती. त्याच्या आदल्या दिवशीही.

११ तारीख, रविवार

सगळं नीट क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

दुपारी आले. मुलगा गाडीतून, पॉलिश केलेले बूट घालून. साखरतोंड्या मागून टेम्पोतून. टेम्पोत आधीच गवत अंथरलेलं. माणसाला स्वतःवर विश्वास असावा तर असा.

मुलगा आला तसा शिडीवर चढला. वर डोकं घातलं आणि तसाच राहिला. उतरला तेव्हा केसांत काड्या. म्हणाला, "एकटीनं?"

मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "एकटीनं. मला हातसुद्धा लावू दिला नाही."

इतकं सराईत खोटं. मला कौतुकच वाटलं.

साखरतोंड्या हसला. "ताई," म्हणाला, "मग हे तुमचे हात मांजरानं ओरबाडले का? आमच्या घरच्या बायकांचे हात गवत भरायच्या दिवसांत असेच होतात."

मुलानं बायकोचे दोन्ही हात धरून उताणे केले. तळव्यांवर फोड, फोडांवर पट्ट्या, पट्ट्यांखालून पुन्हा फोड. मनगटापासून कोपरापर्यंत रेघाच रेघा. मी रोज बघत होते ते हात. ती डास म्हणाली, मीही डास म्हटलं. मला डास सोयीचे होते.

मग त्याची सरबत्ती सुरू झाली. तुला आईला समजवायला पाठवलं होतं. रोज फोनवर सांगत होतीस, आई एकट्याच ओढतायत, मी नुसती बघतेय, आणि तू पहाटे उठून गवत चढवतेस? आणि डेअरीवर अर्धं दूधही तूच नेतेस, येताना मापवाल्यानं सांगितलं. म्हणजे समजवायला पाठवली आणि फितूर झालीस.

सून शांतपणे म्हणाली, "हो. कुठलं तरी एक काम आवडायला नको का मला?"

 मला फाटकापाशी हवेत फिरणारा तिचा तो हात आठवला. चहाडी करताना हात इतका उडत नाही, भांडताना उडतो. हे मला कुरणाएवढं लख्ख दिसायला हवं होतं. चष्मा बदलायला झालाय.

साखरतोंड्याला घरच्या भांडणात रस नव्हता. म्हणाला, मावशी, धारांची वेळ झालीच आहे, दूध बघू आणि बोलू. जाडी आणि ढवळीच्या धारा सूनबाईनं काढल्या, हाताला पट्ट्या असून. चौथी, ती बांडी, सध्या भाकड आहे, तिचा प्रश्न नव्हता. राहिली तांबडी.

तांबडीचं असं आहे की हे गेल्यापासून ती पान्हा चोरते. ह्यांची धार काढायची एक रीत होती. खाली बसायचे, तिच्या पोटाला कपाळ टेकवायचे आणि खर्जात म्हणायचे, "दे गं टवळे, का माहेरी नेणारेस?" झालं, की ती सोडायची. माझ्याशी उभ्या जन्मात इतक्या लाडानं बोलले नाहीत. आता मी तेच म्हणते, आवाज जाड करून, आजूबाजूला कुणी नाही ना बघून. मग ती अर्धामुर्धा सोडते, उपकार केल्यासारखा.

आज मी बसले. चारचौघांत म्हणायची लाज वाटली म्हणून नुसताच हात लावला, आणि उजव्या हाताची मूठ काही वळेना. बोटं माझीच, पण ऐकेनात. म्हटलं, आज हिचं डोकं फिरलंय. सूनबाई बसली. तिला ते वाक्य ठाऊक होतं; कधी ऐकलं देव जाणे. तिनं बारीक आवाजात म्हटलं, "दे गं टवळे," आणि घाईनं पुढं म्हणाली, "प्लीज." तांबडीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. साखरतोंड्या बसला. त्याच्या गोड बोलण्याला तांबडीनं शेपटीनं उत्तर दिलं, गालावर. तो उठला आणि म्हणाला, मावशी, ही संपली. हिला मी दुधाची म्हणून नाही घेऊ शकत. हिला दुसऱ्या गाडीत घालतो.

दुसरी गाडी कुठं जाते ते गोठ्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. 

मुलगा इतका वेळ खांबाला टेकून उभा होता. बूट खराब होऊ नयेत म्हणून एकाच जागी. तो पुढं आला. शाळेत असताना शेवटची धार काढली असेल त्यानं. शर्टाच्या बाह्या वर केल्या, शेणातच उकिडवा बसला, कपाळ टेकवलं आणि वैतागून, कुणावर तरी चिडल्यासारखा, म्हणाला, "दे गं टवळे, का माहेरी नेणारेस?"

आवाज ह्यांचा होता. ओढून आणलेला नाही, तसाच.

तांबडीचे दोन्ही कान मागं फिरले. तिनं मान वळवून बघितलं, आणि मग चरवीत असा आवाज झाला की ढवळी दचकली. तो काढत राहिला, फेस वर आला तरी काढत राहिला. चरवी भरल्यावरही कपाळ काढून घेईना. गवताची धूळ फार उडाली होती गोठ्यात. मला दाराबाहेर जाऊन डोळे धुवावे लागले.

परत आले तर साखरतोंड्या विचारत होता, मग साहेब, चारही ना? मुलगा चरवीतला फेस बघत उभा.

तेव्हा मी म्हणाले, "शर्त मी हरले. गवत हिनं चढवलंय. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, गवताच्या कितीतरी आधीपासून. मला चार होत नाहीत. ढवळी आणि जाडी ने. तांबडी आणि बांडी राहतील. आणि नेशील त्या दोघी नांदत्या घरात द्यायच्या. कुठं दिल्या ते मला येऊन सांगायचं, नाहीतर मीच बघायला येईन, आणि मला तू ओळखतोस."

साखरतोंड्या पहिल्यांदा काही गोड बोलला नाही. नुसती मान हलवली.

दावी मी सोडली, डाव्या हातानं. जाडी सहज चढली टेम्पोत, आधीच अंथरलेलं गवत दिसलं तिला. पोटापुढं तिला कधी काही सुचलंच नाही. ढवळी वळून बघत राहिली. जाताना एकदा तरी लाथ मारायची होती मेलीनं, मला बरं वाटलं असतं.

मुलगा म्हणाला, आई, हाताचं आधी का नाही सांगितलंस? म्हटलं, तू कधी विचारलंस? विचारायचास ते एवढंच, एकटी किती दिवस करणार. तो बायकोकडे वळून म्हणाला, बॅग भर. ती म्हणाली, हवा अजून पुरती पालटली नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी काय ऑफिसची डॉक्टर आहे?

गेला एकटाच. बूट डिकीत टाकले आणि अनवाणीच गाडी चालवत गेला.

१४ तारीख, बुधवार

गोठ्यात दोन खुंटे मोकळे. काल सकाळी मी सवयीनं चारही गव्हाणींत वैरण टाकली. मग दोन गव्हाणींतली परत काढली, सूनबाई उठायच्या आत. ती उठलीच होती. 

काम निम्मं झालं म्हणावं तर तसंही नाही. सूनबाईला शिकवायचं म्हणजे एक गाय जास्तच पाळल्यासारखं आहे. दाव्याची गाठ अशी मारते की सोडायला विळा लागतो. आज हाडांच्या डॉक्टरकडं खांदा दाखवून आले, तिनंच ओढून नेलं. तो म्हणाला, हात महिनाभर उचलायचा नाही. सून माझ्याकडे बघून हसत होती. म्हटलं, हात म्हणाला, जीभ नाही.

तांबडीजवळ आता आम्ही दोघी बसतो. हात सूनबाईचे, आवाज माझा. तांबडीला काय वाटतं तिचं तिला माहीत, पण दोन्ही वेळा चरवी काठोकाठ भरते, कालही आणि आजही.

संध्याकाळी सून फाटकापासून फोन घेऊन धावत आली, मग रेंज जाईल म्हणून मलाच तिथं ओढून नेलं. म्हणाली, तुमच्यासाठी आहे. मुलगा होता. हाताचं विचारलं. औषधाचं विचारलं. ऑफिसचं काहीतरी सांगितलं. मग बराच वेळ घुटमळून म्हणाला, "आई, तांबडीनं दिलं का?"

मी म्हणाले, "नाही रे. हट्टानं बसलीय. थेंब नाही. तू गेल्यापासून दाराकडं बघते नुसती."

सून शेजारीच उभी होती. ओढणीचा बोळा तोंडात कोंबून खाली बसली.

 तो म्हणाला, शनिवारी येतो.

म्हटलं, ये. येताना जुनी पँट आण.